मीनावहिनींचं मराठी आणि आमच्या दादीचं घर

(अंधेरीत तरुण मित्रमैत्रिणींच्या एका बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला कुठेही बोलावलं की विषय ठरलेला असतो. एआयमुळे आपल्या नोकऱ्या जाणार का? या वेळी मी म्हटलं, मी रेडिओवर बोलतो. फोनवर दोन सेकंद शांतता. मग समोरून विचारलं, "रेडिओ म्हणजे एफएम ना?" नाही, एफएम नाही. त्याच्याही आधीचा, घरात एका कोपऱ्यात फळीवर ठेवलेला, वर क्रोशाचा रुमाल घातलेला रेडिओ. आणि त्यातही एकच गोष्ट मला सांगायची आहे, एका कुटुंबाची. ते कुटुंब कधीच नव्हतं, पण अर्ध्या मुंबईला त्यांचं घर माहीत होतं.

सुरुवात आमच्या दादीपासून करतो. दादी दापोलीकडची. लग्न होऊन साठच्या दशकात अंधेरी पूर्वेच्या एका चाळीत आली. दादा जहाजावर खलाशी. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांत असंच होतं, पुरुष बोटीवर आणि बाई खोलीत. दादीला आमची कोकणी बोली येत होती. शाळेतलं मराठी तिला वाचता येत होतं, पण बोलायची तिला लाज वाटायची. रेशनच्या दुकानात "मना रॉकेल पायजे" म्हटलं की मागची माणसं हसायची. दुकानदार तर तिच्याकडे बघायचाही नाही. "उद्या या," एवढंच.

एक दिवस दादी रांगेत उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "अहो, उद्या या म्हणजे काय? कालसुद्धा तुम्ही उद्याच म्हणाला होतात. तुमचा उद्या उजाडतो तरी कधी?" रांगेत पुन्हा हशा झाला, पण या वेळी दुकानदारावर. रॉकेल मिळालं.

घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, अगं, हे असं बोलायला कुठे शिकलीस? दादी म्हणाली, "मीनावहिनीकडे."

तुमच्यापैकी किती जणांना मीनावहिनी माहीत आहेत? हात वर करा. दोन. त्यातल्या एक तर आमच्या आत्याच आहेत, त्या धरायच्या नाहीत.

आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर 'पुन्हा प्रपंच' नावाची मालिका लागायची. नावातला 'पुन्हा' सांगतोच की आधी एक 'प्रपंच' होऊन गेला होता. माणसं तीन. घरातला कर्ता पुरुष पंत, त्याची बायको मीनावहिनी, आणि बाहेरून येऊन मधेच तोंड घालणारे टेकाडे भावोजी. पंत म्हणजे बाळ कुडतरकर. मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू. संगीतकार यशवंत देव यांच्याशी लग्न झाल्यावर त्या करुणा देव झाल्या. टेकाडे भावोजी म्हणजे प्रभाकर जोशी. ही तिघं आकाशवाणीचीच माणसं. लोकांनी त्यांचे चेहरे क्वचितच पाहिले असतील, पण आवाज रस्त्यात ओळखले असते. कुडतरकरांचा आवाज तर थिएटरात सिनेमाआधी लागणाऱ्या माहितीपटांतही असायचा. २०१८ साली ते गेले, नव्वदी ओलांडून. त्या दिवशी माझ्या ऑफिसात ती बातमी मी एकट्यानेच वाचली असावी. वाचून मी आधी अब्बांना फोन केला. ते म्हणाले, "पंत गेले?" नावाने नाही, पंत म्हणूनच.

या मालिकेत घडायचं काय? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. दादी सांगायची त्यावरून मी जे समजलो ते असं. पंत काहीतरी ठरवणार. मीनावहिनी त्यातली हवा काढणार. आणि दोघांचं जुळत आलं की टेकाडे भावोजी दारातून आत येऊन सगळं पुन्हा विस्कटणार. घर मोडत नाही, कोणी मरत नाही, कोणी घर सोडून जात नाही. महागाई असते, पाहुणे असतात, नळाला पाणी नसतं. दादीच्या भाषेत, "आपल्यासारखंच, फक्त आपल्यापेक्षा शुद्ध."

आता यातली इंजिनीअरिंगची गंमत सांगतो, कारण ती मला फार उशिरा कळली. तीनच माणसं का? घरात पोरं असतात, सासू असते, मोलकरीण असते. मग तीनच का?

मध्यम लहरींवर आपल्याकडे दोन केंद्रांमध्ये नऊ किलोहर्ट्झचं अंतर असतं. म्हणजे आवाजाला वाट मिळते साधारण साडेचार किलोहर्ट्झपर्यंत, आणि स्वस्त संचात त्याहून कमी. माणसाच्या आवाजातला 'स' बराचसा त्याच्या वर असतो. लँडलाइनवर नाव सांगताना "स सशातला" असं सांगावं लागायचं ना, तेच. म्हणजे आवाजातली नजाकत, श्वास, कुजबुज अर्धी वाटेतच गळून जाते. घरी शेगडीवर फोडणी चालू आहे, खाली टॅक्सी वाजते आहे, वरून पाऊस पत्र्यावर. अशा गोंगाटात ऐकणाऱ्याला प्रत्येक वाक्याला कोण बोललं ते कळलं पाहिजे, तेही नाव न घेता. एक जड पुरुषी आवाज, एक बाईचा आवाज आणि एक तिसरा, चाल वेगळी असलेला पुरुषी आवाज. एवढे कानाला सांभाळता येतात. चौथा आला की "आता हे कोण?" सुरू होतं, आणि विनोद त्या प्रश्नात बुडून जातो.

दुसरी गोष्ट, तिघं असले की कोणी कोणाला समजावून सांगायची गरज राहत नाही. दोघं भांडतात आणि तिसरा चुकीचा निष्कर्ष काढतो. त्याला सुधारण्याच्या नादात श्रोत्याला सगळं कळतं. माझ्या धंद्यात आम्ही याला चांगलं डिझाइन म्हणू. बघा, किती थोड्या सामानात घर उभं केलं. कपबशीचा आवाज आला की स्वयंपाकघर. दाराची कडी वाजली की भावोजी. सेटचा खर्च शून्य. भिंती श्रोत्याने आपल्याच वापरायच्या. आमच्या दादीने मीनावहिनींच्या स्वयंपाकघराला आमच्याच खोलीची मोरी दिली होती. तिला वाटायचं, ती बाई अशीच उकिडवी बसून भांडी घासता घासता बोलते.

पण दादी हे नुसतं मराठी शिकायला ऐकत नव्हती. हे मला ती गेल्यावर अब्बांनी सांगितलं. दादा एकदा बोटीवर चढले की आठ-नऊ महिने यायचे नाहीत. पत्र महिन्यातून एखादं. दादी ऐन विशीत. आणि रेडिओतल्या घरात नवरा रोज संध्याकाळी घरी येतो आणि बायको त्याच्याशी भांडते! दादीसाठी ही चैन होती. नवऱ्याशी रोज भांडायला मिळणं. अब्बा म्हणतात, मीनावहिनी पंतांना झापायला लागल्या की अम्मीचा चेहरा खुलायचा आणि कार्यक्रम संपला की ती थोडा वेळ कोणाशी बोलायची नाही.

सुरुवातीला आमच्याकडे रेडिओ नव्हता. दादी काकूंच्या भिंतीला टेकून ऐकायची. मग काकूंनीच संच उचलून भिंतीलगतच्या फळीवर ठेवला, आवाज वाढवला. त्यांचे यजमान म्हणाले, एवढा मोठा कशाला? तर म्हणाल्या, मला कमी ऐकू येतं. काकूंना आज पंच्याऐंशीव्या वर्षीसुद्धा उत्तम ऐकू येतं. पुढे दादांनी बोटीवरून ट्रान्झिस्टर आणला. तेव्हा रेडिओला लायसन्स लागायचं, पोस्टात जाऊन पुस्तक काढायचं, दर वर्षी पैसे भरायचे. हे ऐंशीच्या दशकापर्यंत चाललं. दादीच्या नावावर घर नव्हतं, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख दादा. तिच्या नावाचा पहिला सरकारी कागद म्हणजे ते रेडिओचं लायसन्स. ट्रान्झिस्टर आल्यावरही ती 'प्रपंच' ऐकायला काकूंकडेच जायची. एकट्याने हसायला बरं वाटत नाही म्हणायची.

आता थोडा दूर जातो, पण परत याच तिघांकडे येईन.

नवरा, बायको आणि मधे येणारा मित्र, हा त्रिकोण मी पहिल्यांदा वाचला तो मराठीत नाही, उर्दूत. लिहिणारा कोण, तर सआदत हसन मंटो. मंटो म्हटलं की आपल्याला फाळणी आठवते, खटले आठवतात. पण १९४१-४२मध्ये मंटो दिल्लीला ऑल इंडिया रेडिओत नोकरीला होता. उर्दूच्या टाइपरायटरवर कागद चढवायचा आणि थेट नाटक टाइप करायचा. शंभरच्या वर रेडिओ-नाटकं त्याने लिहिली. आणि ती पोटासाठी लिहिली, हे त्याने कधी लपवलं नाही. त्या काळातल्या त्याच्या श्रुतिकांची एक माळ 'आओ' नावाच्या पुस्तकात आहे. 'आओ ताश खेलें', 'आओ चोरी करें', 'आओ झूठ बोलें', अशी शीर्षकं. त्यात किशोर हा नवरा, लाजवंती ही बायको आणि नारायण हा मित्र. नवरा-बायको वेळ घालवायला काहीतरी काढतात, नारायण येतो आणि सगळ्याचा विचका होतो. अगदी निरुपद्रवी, घरगुती, हसवणारं लेखन. त्यातला मंटो ओळखू येत नाही, आणि मला तो फार आवडतो. त्याच सुमारास त्या रेडिओचा सर्वोच्च अधिकारीही एक विनोदी लेखकच होता, पतरस बुखारी. कुत्र्यांवर त्यांनी लिहिलेला लेख तुम्ही उर्दूत वाचला नसेल तर आज रात्री वाचा. सरकारी खात्याच्या प्रमुखपदी विनोदी लेखक बसलाय, ही गोष्ट आज खरीही वाटत नाही.

मंटो १९४२मध्ये मुंबईला परतला. भायखळ्याला राहायचा आणि नोकरीसाठी इथे आपल्या उपनगरात, गोरेगावच्या फिल्मिस्तानात यायचा. म्हणजे लोकलमध्ये त्याच्या आणि आपल्या स्टेशनात एक-दोन स्टेशनांचाच फरक.

आता मला अडवणारा प्रश्न. लाजवंती, किशोर, नारायण. सामान्य, कोणाच्याही ओळखीचं घर दाखवायचं होतं, तेव्हा मंटोने ही नावं घेतली. यात गैर काही नाही. लेखकाने कोणाचंही घर लिहावं, त्याला तेवढी मुभा हवीच. मी त्याच्यावर आरोप करत नाही. पण 'कोणाचंही घर' म्हटल्यावर जी नावं आपोआप सुचतात, त्यांत आपली नावं का नसतात? मंटोच्याही हाताला ती आली नाहीत, तर इतरांच्या कशी येतील?

मुसलमान घर रेडिओवर कधी आलंच नाही असं नाही. कराची रेडिओवर 'हामिद मियाँ के हाँ' ही कौटुंबिक मालिका वर्षानुवर्षं चालली आणि तिकडे ती घराघरांत लोकप्रिय होती. पण ते कराचीतलं उर्दू बोलणारं घर. त्या घरात आमची दादी पाहुणी म्हणूनही अवघडली असती. तिला ती उर्दू मराठीपेक्षा कठीण. लोकांना वाटतं आपल्याला उर्दू जन्मतःच येते. इथे बसलेल्यांपैकी कितीजणांना गालिबचा एक शेर अर्थासकट सांगता येईल? मी विचारत नाही, घाबरू नका.

आणि मराठीत? मराठी साहित्यात आपलं घर आलं. हमीद दलवाईंची 'इंधन' कादंबरी १९६५ची. कोकणातलं गाव, गावी परतलेला मुलगा, आपली माणसं, आपली बोली. पण नावच 'इंधन'. ते पेटणारं गाव आहे. ते लिहिलं जाणं आवश्यक होतं. पण घर पेटण्याआधी त्या घरात लोक भजी कमी तळली म्हणून भांडतही असतील ना? ते भांडण लिहायला कोणाला सवड झाली नाही. आपण मराठीत आलो ते प्रश्न म्हणून, नाहीतर प्रश्नाचं उत्तर म्हणून. सिनेमात आलो तर शेवटच्या रिळात मित्रासाठी गोळी खाणारा म्हणून. गोळी न खाता, नुसता बनियनवर बसून पंख्याच्या रेग्युलेटरवरून बायकोशी हुज्जत घालणारा मुसलमान मला कोणी दाखवला नाही. आणि मी तर रोज तोच बघत मोठा झालो.

हे झालं असतं तर काय फरक पडला असता, याचं उत्तर मला अमेरिकेतल्या एका मालिकेत मिळालं. गर्ट्रूड बर्ग नावाची ज्यू बाई. नोव्हेंबर १९२९मध्ये, म्हणजे तिकडे शेअरबाजार कोसळला त्याच्या पुढच्याच महिन्यात, तिची 'द राइज ऑफ द गोल्डबर्ग्ज' रेडिओवर सुरू झाली. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधलं चाळीसारख्या इमारतीतलं ज्यू कुटुंब. मॉली, नवरा जेक, दोन पोरं, एक म्हातारा काका. बर्गबाई स्वतः लिहायच्या आणि मॉलीचं कामही स्वतःच करायच्या. इंग्रजी यिद्दिशच्या वळणाचं, चुकीचं, गोड. शेजारणीला मारलेली मॉलीची हाक अमेरिकेत इतकी लोकप्रिय झाली की ज्यांनी आयुष्यात ज्यू माणूस पाहिला नव्हता त्यांच्या स्वयंपाकघरातही ती ऐकू यायची.

त्याच काळात तिथली त्याहूनही लोकप्रिय मालिका होती 'एमॉस अँड अँडी'. दोन काळ्या मित्रांची गोष्ट. आणि त्यांचे आवाज काढणारे दोघंही गोरे. देश खदखदून हसायचा. १९३१मध्ये एका काळ्यांच्या वर्तमानपत्राने तिच्याविरुद्ध सह्यांची मोठी मोहीम चालवली, पण मालिका बंद झाली नाही. दोन्ही विनोदीच. एका घरात बाई आपल्याच माणसांवर हसते आहे, दुसऱ्या घरात बाहेरचे लोक त्या माणसांची नक्कल करताहेत. मायक्रोफोन तोच, हशाही तेवढाच. पण हसून झाल्यावर श्रोता वेगवेगळ्या जागी उभा असतो.

गोल्डबर्ग्जचा १९३९चा एक भाग सांगतो. त्याआधी काही महिने जर्मनीत ज्यूंची दुकानं, प्रार्थनास्थळं फोडली गेली होती. या भागात घरात वल्हांडणाचा सेदर चालू आहे, म्हणजे सणाचं जेवण आणि त्यासोबतच्या प्रार्थना. आणि खिडकीची काच फोडून दगड आत येतो. मॉली घाबरलेल्या पोरांना शांत करते. सेदर पुढे चालू राहतो.

विचार करा, श्रोता कुठे बसलाय? रस्त्यावर नाही, बातमी वाचत नाही. दहा वर्षं तो त्या घरात बसतोय, त्यांच्या फालतू भांडणांना हसतोय. दगड आला तेव्हा तो आतल्या बाजूला होता. काच त्याच्याही पायाशी पडली.

आमच्या चाळीत १९९३च्या जानेवारीत मी तीन वर्षांचा होतो. मला काही आठवत नाही. कळतं ते एवढंच की चाळीतलं कोणी आम्हाला जा म्हणालं नाही, आणि थांबा असंही मोठ्याने कोणी म्हणू शकलं नाही. काकूंनी तीन रात्री आम्हाला आपल्या खोलीत ठेवलं, त्याच भिंतीच्या पलीकडे. मार्चमध्ये आम्ही खोली विकून मालवणीला गेलो. अशा किती कुटुंबांनी त्या वर्षी टेम्पो केले ते तुमच्या घरी विचारा. मी यावर अधिक बोलणार नाही. पण एक गोष्ट मला नेहमी वाटते. काकू आमच्या दादीसाठी आतल्या बाजूला होत्या, कारण त्या तिच्यासोबत रोज एका घरावर हसल्या होत्या. बाकीच्यांनी आमचं घर कधी ऐकलंच नव्हतं. त्यांना आमच्याकडच्या फक्त दोनच गोष्टी ऐकू यायच्या, अजान आणि ईदचा गलका.

मालवणीला आकाशवाणीचं प्रक्षेपण केंद्र आहे, मार्वेच्या बाजूला. स्टुडिओ तिकडे चर्चगेटला, पण आवाज हवेत सुटतो तो मालाडच्या मनोऱ्यांवरून. माझं लहानपण त्या मनोऱ्यांचे लाल दिवे बघत गेलं. दादी मला सांगायची, मीनावहिनी इथून जायच्या. गंमत बघा, अंधेरीत होतो तेव्हा दादी भिंतीला कान लावून ऐकायची आणि मनोऱ्यांच्या इतकं जवळ आल्यावर तिच्याबरोबर ऐकायला कोणी उरलं नाही. तोवर टीव्ही आला होता, पंतांचं घर बंद झालं होतं, हे खरं. पण ट्रान्झिस्टर चालू होता आणि विविध भारतीवर 'हवामहल' लागायचं. त्या विविध भारतीचं ऑफिस आता बोरिवलीला गोराई रोडवर आहे. दादीला हे कळलं असतं तर म्हणाली असती, म्हणजे सगळेच इकडे राहायला आले की!

आता शेवटचं, आणि ज्यासाठी खरं तर मी आलोय.

गेल्या वर्षी आम्ही तिघांनी ठरवलं, असं एक घर आपणच करून बघू. एक मित्र घाटकोपरचा, बँकेत आहे. एक मैत्रीण मुलुंडची, कायद्याचं शिकते. आणि मी. दहा मिनिटांची श्रुतिका, मोबाइलवर रेकॉर्डिंग, आवाज घुमू नये म्हणून कपाटाचं दार उघडं आणि डोक्यावर गोधडी. गोष्ट अशी: रमजानचा पहिला दिवस, अब्बा जाहीर करतात की यंदा इफ्तारला तळलेलं काही नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. अम्मी वादच न घालता "बरं" म्हणते. तिथेच अब्बांना संशय येतो. आणि मगरिबला पाच मिनिटं असताना मामू दोन किलो भजी घेऊन दारात. बघितलंत, तोच त्रिकोण.

पहिलं रेकॉर्डिंग भयंकर झालं. सुरुवातीला मी अजानचा साउंड इफेक्ट टाकला, घर मुस्लिम आहे हे कळावं म्हणून. माझा घाटकोपरचा मित्र, जो एरवी मला "काय रे, निघालास का?" असं विचारतो, तो माइकसमोर येताच "बेगम, ज़रा सुनिए तो" म्हणायला लागला. मामू दर दुसऱ्या वाक्याला "माशाल्लाह". मुलुंडची मैत्रीण लाजवट हसली, का ते तिलाही कळलं नाही. मी ते अम्मीला ऐकवलं. तिने विचारलं, "बेगम कोण? पत्त्यातली?"

म्हणजे आम्ही आमचीच नक्कल करत होतो. एमॉस अँड अँडी करायला बाहेरच्यांची गरजच नव्हती, आमचं आम्हीच ते केलं. सिनेमात बघून बघून आम्हाला आमचं घर असंच ऐकू यायला लागलं होतं.

दुसऱ्या वेळी सगळं काढून टाकलं. अजान नाही, बेगम नाही, शेरोशायरी तर नाहीच. आम्ही घरी बोलतो तसं बोललो: मराठी, मधेच कोकणी, चिडल्यावर बंबइया हिंदी. ऑफिसातल्या चार जणांना ऐकवलं. एकजण म्हणाला, "छान आहे, पण ही फॅमिली मुस्लिम आहे हे मला तिसऱ्या मिनिटाला कळलं." यावर आमच्या तिघांत भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. मैत्रिणीचं म्हणणं, याचा अर्थ आपण स्वतःला लपवलं. पहिल्या सेकंदाला कळलं पाहिजे, आपण कशाला चोरून बसायचं? माझं म्हणणं, पंतांनी पहिल्या सेकंदाला सांगितलं होतं का की आम्ही हिंदू आहोत म्हणून? दोन मिनिटं तो माणूस अब्बांना आपले बाबा समजून हसला. तिसऱ्या मिनिटाला मगरिब शब्द आला, आणि तोवर त्याला उठून जायला उशीर झाला होता. तिच्या म्हणण्यातही दम आहे, हे मी इथे कबूल करतो. तिच्यासमोर करणार नाही.

एक नियम मात्र आम्ही मोडला. चौथा आवाज घेतला. कोपऱ्यात बसलेली दादी, फक्त तीन वाक्यं. तंत्राच्या दृष्टीने चूक, पण मला ती हवी होती. मैत्रिणीनेच आवाज बदलून ती केली.

ते रेकॉर्डिंग मी काकूंना पाठवलं. त्या आता मुलाकडे मुलुंडला असतात. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दिसल्या आणि दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी फोन. म्हणाल्या, ऐकलं, तीनदा ऐकलं. तुझे अब्बा बरोबर जमलेत, तो असाच चिरचिरा होता लहानपणापासून. मामू कमी कर. आणि तुझ्या दादीचा आवाज कोणी काढलाय? मी म्हटलं, मैत्रिणीने. का, काकू?

"अरे, ती इतकी हळू नव्हती बोलत. भिंतीपलीकडून मला तिचं सगळं ऐकू यायचं."

तर दुसरा भाग पुढच्या महिन्यात करायचाय. विषय आहे पंख्याचा रेग्युलेटर. अब्बा आहेत, अम्मी आहे, मामू थोडे कमी केलेत. दादीसाठी मोठा आवाज हवाय आणि कोकणी यायला हवी. इथे कोणी असेल तर चहाला थांबा, गोधडी मी आणतो.